शाळेत कॅमेरा लावा म्हणाले, पण लाईटबिल कोण भरणार?

माझी वहिनी झेडपीच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट चोवीस. मागच्या दिवाळीत फराळ करत बसलो होतो तेव्हा सहज विचारलं, वहिनी तुमच्या शाळेत कॅमेरे लागले का हो? म्हणाल्या, लागले की, दोन लागले, लोकवर्गणीतून. म्हटलं मग चालतात का? तर हसल्या. म्हणे लाईट असली की चालतात, आणि लाईट कधी असते तर बिल भरलेलं असलं की. मधे दीड महिना लाईन कट होती, बिल थकलं होतं म्हणून. त्या दीड महिन्यात वरून एक ऑनलाईन माहिती मागवली होती, शाळेत सीसीटीव्ही आहे का, होय की नाही. वहिनींनी होय भरलं. खोटं नव्हतं ना ते, कॅमेरे होतेच भिंतीवर.

हा लेख त्या "होय"बद्दल आहे असं समजा. गेल्या दोनेक वर्षांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांवर बरेच नियम आलेत, नियम वाईट नाहीयेत, खरं तर बरेचसे फार आधीच यायला हवे होते. पण त्याच काळात राज्याच्या तिजोरीची अवस्था अशी की शाळेला खडू-फळ्याचे पैसेही वेळेवर येत नाहीत. मग हे दोन्ही एकाच शाळेच्या दारात येऊन उभं राहिलं की काय होतं, ते जरा सोपं करून सांगतो.

सुरुवात बदलापूरपासून करावी लागते, इलाज नाही. ऑगस्ट २०२४. चारेक वर्षांच्या दोन मुली, शाळेतल्याच कंत्राटी सफाई कामगाराने केलेला अत्याचार, घरच्यांना तक्रार नोंदवायला कित्येक तास पोलीस ठाण्यात बसून राहावं लागलं, आणि मग २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले ते दिवसभर हलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २१ ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला. लगोलग मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांची समिती बसली, आणि त्यातून मे २०२५ मध्ये आणखी एक सविस्तर जीआर आला. तिकडे सुप्रीम कोर्टानेही सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की केंद्राने २०२१ साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, शाळेत मूल असताना जबाबदार कोण ते ठरवणाऱ्या, त्या नुसत्या फाईलमध्ये ठेवू नका, लागू करा.

आता या सगळ्यात शाळेला नेमकं करायचं काय आहे? शाळेच्या आवारात मोक्याच्या जागी सीसीटीव्ही लावायचे, आणि नुसते लावायचे नाहीत तर मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीन वेळा फुटेज बघायचं. शाळेत जो कोणी कामाला येतो, शिक्षक असो, सफाईवाला असो, व्हॅनचा ड्रायव्हर असो, त्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. सहावीपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो बायकाच कामाला ठेवायच्या. तक्रारपेटी लावायची. सखी सावित्री समिती नेमायची, विद्यार्थी सुरक्षा समिती नेमायची. आणि काही वाईट घडलं, कानावर जरी आलं, तरी २४ तासांच्या आत वर कळवायचं. कॅमेऱ्यांसाठी तर एका महिन्याची मुदत होती, खाजगी शाळांना बजावलं होतं की नाही लावले तर अनुदान रोखू किंवा मान्यता काढू.

यातलं बरंचसं नवीन नाहीये हे आधी लक्षात घ्या. तक्रारपेटीचं परिपत्रक २०१७ चं आहे. सखी सावित्री समितीचा जीआर मार्च २०२२ चा. चारित्र्य पडताळणी तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत लिहिलेलीच आहे. म्हणजे कागद होते, धूळ खात पडले होते, बदलापूरनंतर ती झटकली आणि जोडीला धाक घातला.

मला विचाराल तर या सगळ्या नियमांचे तीन ढीग करायला पाहिजेत. एकात फुकटात होणारं काम. दुसऱ्यात पैसे लागणारं. आणि तिसऱ्यात माणूस लागणारं. सरकार कायम दुसऱ्या ढिगाबद्दल बोलतं कारण तो दिसतो, फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं. आणि कात्री लागते ती तिसऱ्याला. तिसऱ्यावर पुढे येतो, आधी पैशांचं बघू कारण तिथेच लोकांचा जास्त गोंधळ आहे.

सरकारी शाळेला पैसे कुठून येतात हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. शिक्षकांचा पगार वेगळा, तो थेट जातो, आणि शिक्षण खात्याच्या बजेटचा मोठा हिस्सा तोच खातो. शाळा चालवायला जे लागतं, म्हणजे बिल, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला एक संयुक्त शाळा अनुदान येतं. ही योजना केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. आणि अनुदान ठरतं पटावर. ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० असतील तर २५,०००. त्याच्या वर २५० पर्यंत ५०,०००, मग हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर एक लाख.

वहिनींच्या शाळेचा हिशोब करा. पट चोवीस म्हणजे दहा हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे असा नियम, म्हणजे हजार गेले. उरले नऊ हजार, भागिले बारा, महिन्याला साडेसातशे. यात लाईटबिल, आणि शाळेचं बिल घरगुती दराने येत नाही हे लक्षात ठेवा, मग खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, मोबाईलचा डेटा कारण सगळी माहिती ऑनलाईन भरायची, हँडवॉश, नळाची तोटी तुटली तर ती. आता सांगा, चार कॅमेरे, रेकॉर्डरचा डबा, हार्ड डिस्क, वायरिंग, फिटिंग, हे साधं जरी घेतलं तरी वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं, म्हणजे अडीच वर्षं बाकी काहीच केलं नाही तर कॅमेरे येतील. येतील फक्त. दोन वर्षांनी हार्ड डिस्क बसली की तिचे पैसे कुठून आणायचे, माकडाने वायर ओढली तर कुठून आणायचे, यावर जीआर गप्प असतात. एकदाच करायचा खर्च आणि दरवर्षी करावा लागणारा खर्च यातला फरक घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. गाडी घेणं सोपं असतं हो, पेट्रोल जड जातं.

सरकारी शाळांसाठी कॅमेऱ्याचे पैसे जिल्हा नियोजनच्या निधीतून द्यायचे असं ठरलंय, ठीक आहे. पण त्या निधीत सगळ्यांचेच हात असतात, रस्ते, आरोग्य केंद्र, अंगणवाड्या, तीर्थक्षेत्र विकास. ज्या गावाचा आमदार दमदार त्या गावाला आधी. मग उरलेल्यांना तोंडी निरोप येतो की लोकसहभागातून बघा. लोकसहभाग हा शब्द फार गोड आहे, त्याचा अर्थ गुरुजींनी गावात फिरून पैसे मागायचे.

आता "बजेट कपात" म्हणजे काय होतं तेही सांगतो कारण कोणी मंत्री उभा राहून आम्ही शाळांचे पैसे कापले असं कधी म्हणत नाही. राज्याच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती, म्हणजे रोजच्या खर्चाला रोजची कमाई पुरत नाही. एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी. एकूण कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. मी ती योजना चूक की बरोबर यात पडत नाही, माझ्याच घरात तिचे पैसे येतात, पण तिजोरी एकच असते आणि पगार, पेन्शन, व्याज हे टाळता येत नाही, मग हात आखडतो तो जिथे ओरडायला कोणी नसतं तिथे.

आणि तो आखडतो कसा? बजेटात लिहिलेली असते ती तरतूद. प्रत्यक्ष खात्याला सोडतात ते वितरण. या दोघांत कपात लपलेली असते. तरतूद शंभरची असते, सिस्टीमवर साठच सोडतात, उरलेले मार्चमध्ये सोडतात किंवा सोडतच नाहीत. आणि मार्चमध्ये सोडले तर कसे, संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, सर्व मुख्याध्यापकांनी ३१ तारखेच्या आत रक्कम खर्ची टाकावी, न टाकल्यास परत जाईल व जबाबदारी आपली राहील. मग वहिनी बँकेत, पेमेंटची प्रिंट हातात, साइट चालत नाही, मॅनेजर म्हणतो उद्या या. खातं झिरो बॅलन्सचं, पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडत नाहीत, वरच्या खात्यातून खर्चाची मर्यादा मिळते, ती मुदत संपली की गायब. एका वर्षी त्यांनी घाईघाईत पाण्याच्या टाकीचे पैसे दिले आणि टाकी आली जूनमध्ये, झाकणाशिवाय. अशा पद्धतीने येणाऱ्या पैशांतून सुरक्षा कशी उभी करायची बाबा.

इमारतींचं वेगळं सांगत नाही, तो मोठा विषय आहे. २०१७ साली नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली, २०२५ च्या जुलैमध्ये राजस्थानात झालावाडच्या पिपलोदीत सात गेली. तिथेही गोष्ट हीच, धोकादायक वर्ग आहे हे कागदावर कळवायचं काम शाळेचं, पाडून नवीन बांधायचे पैसे दुसऱ्याकडे.

आता माणसांचा ढीग.

बदलापूरच्या शाळेत कॅमेरेच नव्हते असं अनेकांना वाटतं. पण त्यावेळच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं की शाळेतलं आधीच्या पंधरा दिवसांचं फुटेज गायब आहे. म्हणजे कॅमेरा अडवत नाही, तो फार तर नंतर दाखवतो, तेही दाखवायची कोणाची इच्छा असली तर. शिवाय ज्या जागी सगळ्यात जास्त धोका असतो तिथे, म्हणजे टॉयलेटमध्ये, कॅमेरा लावताच येत नाही आणि लावूही नये. तिथे लागते एक बाई. पगारावर असलेली, ओळखीची, मुलांना नावाने हाक मारणारी. आणि ती बाई बजेटच्या भाषेत "आवर्ती खर्च", म्हणजे दरवर्षी करावा लागणारा खर्च, असते म्हणून ती मिळत नाही.

झेडपीच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतोच, कधी नव्हता. खाजगी अनुदानित शाळांना होता, पण डिसेंबर २०२० मध्ये जीआर काढून ती पदं गोठवली, जुना शिपाई रिटायर झाला की नवीन भरायचा नाही, त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता. ग्रामीण भागात महिन्याला ५,०००, शहरांत ७,५००, मुंबई-पुण्यात १०,०००. आता पाच हजारांत महिनाभर कोण काम करेल आणि किती दिवस टिकेल, सांगा. दर सहा महिन्यांनी माणूस बदलतो. प्रत्येक वेळी नवीन पडताळणी, नवीन अर्ज, नवीन चकरा, आणि पडताळणी येईपर्यंत तो झाडू मारत असतोच कारण शाळा तर रोज झाडावी लागते. बदलापूरचा आरोपी कंत्राटी होता हे सगळ्यांना माहीतय, पण शाळेत कायम माणूस का नाही हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. पैसे वाचवायला कायम माणूस काढायचा आणि मग कंत्राटी माणसावर नजर ठेवायला कॅमेरा लावायचा, हा कुठला हिशोब?

खिचडी शिजवणाऱ्या ताईंचंच घ्या, मानधन महिन्याला २,५००. पडताळणी त्यांचीही पाहिजे, बरोबरच आहे. पण त्याचा अर्ज ऑनलाईन, सेतूवाल्याचे पैसे, ठाण्यात एक-दोन चकरा म्हणजे तेवढ्या दिवसांची दुसरीकडची मजुरी बुडाली. वहिनींनी स्वतःच्या खिशातून भरले. असे खिसे राज्यभर किती रिकामे होतात याचा कुठे हिशोब नाही.

आणि मुख्याध्यापक म्हणाल तर, प्राथमिकला १५० च्या वर पट असल्याशिवाय मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पदच मिळत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात जवळपास पंधरा हजार होत्या, २०२३ मध्ये क्लस्टर शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करायची, चर्चा सुरू झाली तेव्हा हा आकडा सगळीकडे आला होता. तिथे दोन शिक्षकांतला एक प्रभारी असतो. तोच आठवड्यातून तीनदा फुटेज बघणार, तोच समितीचं इतिवृत्त लिहिणार, तोच चार वर्ग शिकवणार, आणि दुसरे गुरुजी केंद्रशाळेच्या मीटिंगला गेलेले असणार. समित्या तर एवढ्या झाल्या होत्या की शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनेच बऱ्याचशा एकत्र करून चार ठेवल्या. चांगलं केलं. निदान सह्या कमी झाल्या.

पण मग पहिला ढीग, फुकटातला, तोच खरं तर सगळ्यात मोलाचा आणि तिथे मात्र मी शाळांचीही बाजू घेणार नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होऊ शकतो असं ज्याला कोणाला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच पाहिजे. खात्री करून घ्यायची नाही, चौकशी समिती नेमायची नाही, संस्थेचं नाव खराब होईल का याचा विचार करायचा नाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. बदलापुरात संस्थाचालक आणि मुख्याध्यापिकेवर याच कारणाने गुन्हा दाखल झाला. आणि चांगल्या हेतूने कळवलं, पुढे काही निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. याला एक रुपया लागत नाही. तरी सगळ्यात जास्त कुचराई इथेच होते, कारण इथे पैसा नाही तर हिंमत लागते, गावातल्या पुढाऱ्याच्या पुतण्याचं नाव घ्यायला.

तक्रारपेटीचंही तसंच. मी पाहिलेल्या शाळांत ती बहुतेक ऑफिसच्या दाराला लावलेली असते, बरोबर सरांच्या खुर्चीसमोर, कुलपाची किल्ली सरांच्या ड्रॉवरमध्ये. कोणतं पोरगं तिथे चिठ्ठी टाकेल? जागा बदलायला, किल्ली समितीतल्या एखाद्या आईकडे ठेवायला काहीच लागत नाही. आणि पहिलीच्या पोराला तर लिहिताच येत नाही. बदलापूरच्या मुली चार वर्षांच्या होत्या, त्यांच्यासाठी कुठलीही पेटी कामाची नव्हती, त्यांनी घरी सांगितलं, दुखतंय म्हणून सांगितलं, म्हणून कळलं. वहिनी काय करतात तर शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना गोल बसवून चित्र काढायला लावतात, शाळेत कुठे जायला आवडत नाही ते काढा म्हणून. एकदा तिघींनी एकच जागा काढली, टॉयलेटच्या मागचा कोपरा. काळजाचं पाणी झालं म्हणे. जाऊन बघितलं तर तिथे कडी तुटलेली होती आणि गावातली मोठी पोरं भिंतीवर बसायची. कडी चाळीस रुपयांत आली. पोरांना पोलीस पाटलांनी समज दिली. सीसीटीव्हीच्या माहितीत यातलं काही भरायची सोय नाहीये.

पालक असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला जा, ७५ टक्के सदस्य पालकच असतात कायद्याने, पण सही घरी येते आणि आपण करून टाकतो. तिथे कॅमेरे किती ते विचारू नका हो, त्याचं उत्तर तयार असतं. विचारा की या वर्षीचं अनुदान किती आलं, कधी आलं, लाईटबिल भरलंय का, सफाईला कोण येतं, त्याची पडताळणी झालीय का, टॉयलेटला जाताना लहान पोरींबरोबर कोण जातं. गुरुजींना आरोपीसारखं उभं करून विचारू नका, बऱ्याचदा तेही तेच प्रश्न वर विचारून थकलेले असतात, तुमच्या ठरावाचा कागद त्यांना बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसात दाखवायला उपयोगी पडतो. ठराव लेखी घ्या, तारीख टाका, पोच घ्या.

आणि मुलाने घरी येऊन काही सांगितलं तर आधी शाळेत भांडायला धावू नका. ऐकून घ्या, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा किंवा सरळ पोलिसांच्या ११२ ला. जबाब घ्यायला पोलिसांनी मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे यायचं असतं, शक्यतो महिला अधिकारी आणि युनिफॉर्मशिवाय. ठाण्यात बोलावलं तर हे कलम २४ मध्ये आहे म्हणून सांगा. मुलाचं नाव ग्रुपवर टाकू नका, कितीही राग आला तरी.

परवा वहिनींना पुन्हा फोन केला होता, हा लेख लिहितोय म्हणून. म्हणाल्या दुसरा कॅमेरा बंद पडलाय, बघायला माणूस येणार होता, आला नाही. आणि टॉयलेटच्या कडीला आता आतून दोरी पण बांधलीय, लहान पोरींचा हात कडीपर्यंत पोचत नाही ना.